सातेरीचा चौथरा

माझा उजवा हात मनगटाशी वाकडा आहे. नारळ खवायला बसले की अर्धी वाटी होते न होते तोच कळ येते आणि माझ्या तोंडून शिवी जाते. सून म्हणते, आई, मिक्सर आहे ना घरात. असू दे. मिक्सरला काय कळतंय खोबऱ्यातलं! कोणी विचारलं की मी विहिरीवर घसरून पडले म्हणून सांगते, आणि लोकांना ते खरं वाटतं. पडायबिडायला मी काही आंधळी नव्हते. तो हात माझ्या थोरल्या दिरांनी चिव्याच्या, म्हणजे बारीक भरीव बांबूच्या, काठीने मोडला, दिवसाढवळ्या, देवीसमोर. आता ते नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही.

मी दोडामार्गाकडची. गोव्याच्या हद्दीला लागून आमचं घर, मागे केळी, पुढे माड, चहूकडे रान. लग्न झालं आणि येऊन पडले देवगडाकडच्या सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवला तर तळवा भाजतो, पावसात त्याच दगडावर कमरेएवढं गवत उभं राहतं. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट आहे. तेव्हा सड्यावर कलमं लावायचं खूळ जोरात होतं. ज्याला त्याला हापूस हवा. दगडात सुरुंग लावून खड्डे पाडत, आणि धडाका झाला की आमच्या मांगरावरची, म्हणजे गुरांच्या गोठ्यावरची, कौलं हलत. गवताचा सडा दर साली थोडा थोडा आक्रसत चालला होता, आणि त्या गवतात राहणारं जे काही होतं ते आमच्या वाडीच्या अंगावर सरकत येत होतं. साप यायचे, मुंगसं यायची, आणि घोरपडी.

आमच्या घरात शिकारीचा मान थोरल्या दिरांकडे. मी त्यांना भावजी म्हणे. अंगाने दणकट माणूस, बोलणं कमी, हात फार चालू. घोरपड पकडण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. मटण घरात, तेल सांधेदुखीला, आणि कातडं घुमटाला. घुमट म्हणजे मातीचं मडकं, त्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं ताणून बसवतात. चतुर्थीच्या आरतीला भावजी घुमट वाजवायला बसले की माणसं जेवण टाकून ऐकायला येत. खोटं कशाला बोलू, वाजवायचे सुंदर. त्या वाजवण्यासाठी काय करतात ते मला ठाऊक नव्हतं तोवर मीही मान डोलावली होती.

लग्नानंतरच्या पहिल्या कार्तिकात ते ठाऊक झालं. गवतकापणी चालू होती. दुपारी भावजी आले आणि मागच्या पडवीत खुंटीला काहीतरी अडकवून आंघोळीला गेले. मी पाणी तापवत होते. वळून बघते तो घोरपड. जिवंत. तिच्या बोटांतल्या शिरा ओढून बाहेर काढल्या होत्या आणि त्याच शिरांनी तिचे पाय तिच्याच पाठीवर बांधले होते. दोरी लागत नाही, सुतळी लागत नाही. बांधायचं सामान जनावराच्या अंगातलंच. अशी बांधली की आठवडाभर मरत नाही, मटण ताजं राहतं, हे मला सासूने सांगितलं, अगदी भाताची पेज कशी टिकवायची ते सांगावं तशा आवाजात. रविवारी पाहुणे होते. तोवर ती तिथेच राहायची होती.

चार दिवस ती त्या खुंटीला होती आणि मी तिच्यासमोर चुलीशी होते. ती ओरडत नाही हो. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती जीभ बाहेर काढून आत घेई, आणि तिची नजर माझ्या हाताबरोबर फिरे. मी मसाला वाटत होते तिच्याचसाठी. तिसऱ्या दिवशी मी भाताचं ताट तसंच बाजूला सारलं. मी ह्यांना सांगितलं, म्हणजे माझ्या नवऱ्याला. हे जामसंड्याला शाळेत मास्तर. हे म्हणाले, कायद्याने बंदी आहे खरी, पण दादाला कोण सांगणार, तू गप राहा. आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य ‘तू गप राहा’ ह्या तीन शब्दांत मावतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी तिला खुंटीवरून काढली. सोडायचीच म्हणून काढली होती. पाठीवरच्या शिरा कापल्या, जमिनीवर ठेवली, तर तिचे पाय चारी दिशांना पसरले आणि ती पोटावर पडून राहिली. जा गो बाये, म्हटलं, जा. ती कुठे जाणार? पायात बळ कुठे होतं? मग मी कोयता घेतला, तिची मान पायरीवर ठेवली आणि एका घावात तोडली. मी त्याआधी कोंबडीसुद्धा कापली नव्हती. रक्त माझ्या पायावर उडालं, लुगड्याच्या निऱ्यांवर उडालं. मी तिथेच बसले आणि मोठ्याने रडले.

भावजी आले, बघितलं, आणि पहिलं काय बघितलं तर कातडं. मानेपाशी फाटलं होतं, घुमटाला निकामी. त्या घरात थोरला दीर भावजयीला शिवत नसे. हात लावणं सोडाच, सावली पडली तरी बाजूला होई. म्हणून त्यांनी माझ्याऐवजी पाण्याचा हंडा उचलून पडवीच्या खांबावर आपटला, मग दुसरा, मग चुलीवरचं भाताचं तपेलं. माझ्या कानाजवळून खांबाच्या जांभ्या चिऱ्याचा तुकडा गेला. सासू म्हणाली, आवशीन काय शिकवल्यान ता दिसता. माझ्या आईचं नाव काढलं म्हटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रक्ताचा कोयता हातात घेऊनच सांगितलं की ह्या घरात यापुढे घोरपड येणार नाही, आली तर मी ती रांधणार नाही, आणि मी असेपर्यंत ह्या सड्यावर तुम्हाला मारूही देणार नाही. नवी सून मी. सहा महिने नव्हते झाले लग्नाला. वाडीतल्या बायका गडग्याच्या दगडी भिंतीआडून बघत होत्या, त्यांना वर्षभर पुरेल एवढं मिळालं.

बोलून बसले खरी, पण करणार काय? मी फासे मोडले. बिळांपाशी भावजींनी लावलेले चिव्याचे फासे असत, ते सकाळी गवताला जाताना कोयत्याने तोडून टाकी. त्यांचा कुत्रा माझ्या पोटरीला चावला, मी त्याच्या तोंडात दगड घातला. वनखात्याच्या माणसापर्यंत निरोप पोचवला. तो गार्ड आला मोठ्या रुबाबात, भावजींच्या ओट्यावर बसला, माझ्याच हातचा चहा प्यायला, आणि जाताना भावजींना हळूच म्हणाला की आमच्याकडच्या आरतीला एक चांगलं कातडं मिळालं तर बघा. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे. मी त्याची कपबशी उकिरड्यावर फेकली. सासूने त्या कपबशीवरून मला आठ दिवस धारेवर धरलं.

एवढं करूनही पुढच्या पावसापर्यंत सड्यावर एकच घोरपड उरली. मला तरी एकच दिसे. मोठी मादी, शेपटीचं टोक तुटलेलं. वाडीच्या वरच्या अंगाला एक वारूळ होतं, माझ्या छातीएवढं उंच, त्यावर ऊन खात पडलेली असायची. श्रावणात मी गुरांमागे गेले होते. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. बघते तर बाई वारुळाच्या कुशीत भोक पाडतेय. दोन्ही पायांनी माती उडवत होती, अर्धी आत गेली, पुन्हा बाहेर आली, मग उलटी फिरून शेपटीकडून आत बसली. मी गवतात ओणवी बसून राहिले. मला तेव्हा दिवस जाऊन दोन महिने झाले होते, घरात अजून कोणाला सांगितलं नव्हतं. ती बाहेर आली, तोंडाने माती लोटून भोक बुजवलं, वर नाकाने ठोकून ठोकून सारखं केलं. वाळवी ते वारूळ पुन्हा लिंपून टाकते, आणि आतली अंडी पावसाळा, थंडी, सगळं काढून वैशाखात फुटतात, हे मला माझ्या वडिलांनी लहानपणी दाखवलेलं. मला वाटलं, झालं, ही मेली तरी हिची पोरं आहेत. ह्या सड्याला अजून एक पिढी आहे. त्या दिवसापासून माझा जीव त्या वारुळात अडकला.

भाद्रपद आला. चतुर्थी तोंडावर आणि भावजींच्या घुमटाचं कातडं फाटलेलं. त्यांना कातडं हवं होतं आणि कातडं कुठे आहे ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी बाजारातून येत होते तर बायका म्हणाल्या, भावजी आणि वाडीतले दोघे पहारी घेऊन वर गेलेत. मी पिशवी तिथेच टाकली. पिशवीत जे होतं ते देवीच्याच मनातलं असणार, त्यात माझ्या ओटीचा नारळ होता, खण होता, हळदकुंकवाच्या पुड्या होत्या. दहा पावलं गेले आणि मागे फिरून ती पिशवी उचलली, आणि एकीच्या हातातला गवताचा कोयता ओढून घेतला.

आता हे नीट समजून घ्या. आमच्या दोडामार्गाकडे सातेरी ही देवी म्हणजे वारूळच. मूर्ती नाही, मुखवटा असला तर वरून बसवलेला, पण मूळ देवी मातीची. वारूळ आपोआप वाढतं, पावसात थोडं वितळतं, पुन्हा वाढतं. त्याला कोणी हात लावत नाही. ह्या समुद्राकडच्या लोकांना सातेरी ऐकून ठाऊक, पण वारुळाशी वागायचं कसं ते ठाऊक नाही. त्यांचे देव पाषाणाचे, चौथऱ्यावर बसलेले. हा फरक तेव्हा माझ्या डोक्यातही आला नाही.

मी त्यांच्याआधी पोचले. धावून दम लागला होता. वारुळाला कुंकू फासलं, खण पसरला, नारळ ठेवला, आणि ते तिघे गवतातून वर आले तेव्हा मी वारुळाला पाठ लावून कोयता हातात घेऊन उभी. मी सांगितलं की माझ्या माहेरची सातेरी माझ्या स्वप्नात आली, म्हणाली, मी तुझ्या पाठोपाठ सड्यावर आले आहे, वारुळात आहे, मला पहार लागली तर तुझ्या पोटातलं मी ठेवणार नाही. खोटं, साफ खोटं, शेंडीपासून टाचेपर्यंत. मला त्याची लाज नव्हती, आजही नाही. पोटातलं म्हटल्यावर बाकीचे दोघे मागे सरले. भावजी सरले नाहीत.

“भावजी, पयलो घाव माझ्यार घाला,” मी म्हटलं. “मगे देवीर.”

ते माझ्या बाजूने वळून वारुळामागे गेले. मी कोयता फिरवला. तो त्यांच्या दंडाला लागला, कातडी फाटली, रक्त आलं. त्यांनी रक्ताकडे बघितलंसुद्धा नाही. पहार दोन्ही हातांनी वर उचलली आणि पाय रोवायला डावं पाऊल गवतात टाकलं. तिथे फुरसं होतं.

आमच्या सड्याला फुरशांची काय वाण? वीतभर जनावर, पण चावलं की माणूस आतून फुटतो. त्यांनी आधी पहारीनेच त्याचा चेंदा केला, मग खाली बसले. वाडीत आणेपर्यंत पाऊल टोपलीएवढं झालं होतं. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं तोवर हिरड्यांतून रक्त येत होतं, नाकातून येत होतं, लघवी लाल. बोलायला तोंड उघडलं की दात रक्ताने माखलेले दिसत आणि बोलत काय, तर सातेरी, सातेरी. लस सरकारची, सुई नर्सबाईची, श्रेय सातेरीला. मी बाजूला उभी राहून मनात म्हटलं, मिळू दे तिला. देवीला श्रेय दिल्याने घोरपड वाचणार असेल तर मीच पाच नारळ देईन.

पंधरवड्याने ते लंगडत घरी आले ते वेगळेच होऊन आले. खरंच सांगते. घुमट माळ्यावर टाकलं. दारू सोडली. मंगळवार-शुक्रवार त्या वारुळापाशी दिवा, आणि घोरपड दिसली की हात जोडायचे. तिला देवीचं वाहन म्हणू लागले, वाहनबिहन मी काही सांगितलं नव्हतं. पलीकडच्या वाडीतला एक जण जाळं घेऊन सड्यावर आला, तर भावजींनी त्याला गडग्यावर आपटून त्याचं डोकं फोडलं. दुसऱ्याच्या कुत्र्याची तंगडी मोडली. सुरुंगवाले वारुळाच्या बाजूला खड्डे मारायला आले तेव्हा हे सुरुंगाच्या भोकावर जाऊन बसले, उडवा म्हणाले. त्या वर्षी आमच्या सड्यावर एकही घोरपड मेली नाही. कायद्याला जमलं नाही, गार्डाला जमलं नाही, ते एका फुरशाने आणि माझ्या थापेने करून दाखवलं. मला भारी मजा वाटायची. ज्या हातांनी शिरा ओढल्या तेच हात आता जोडलेले बघून माझ्या मनातला राग थोडा थोडा उतरला, आणि मी त्यांच्या ताटात मासळीची बरी तुकडी वाढायला लागले.

सातव्या महिन्यात मी बाळंतपणाला माहेरी गेले. जाण्याआधी वारुळाला बघून आले. कूस लिंपलेली, घट्ट, आतलं आत. फाल्गुनात मला मुलगा झाला. वैशाखात त्याला घेऊन मी सासरी आले, आणि ओटीवर पाय धुते न धुते तोच भावजी म्हणाले, चल, तुका दाखवतंय. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी बाळाला सासूकडे देऊन तशीच निघाले.

सडा जळून काळा झाला होता. वणवा कोणीतरी लावलाच होता, पण वारुळाभोवती भावजींनी पट्टा साफ करून आग अडवली होती. आणि मधोमध चौथरा. चिऱ्यांचा, सिमेंटने सांधलेला, वर पांढऱ्या लाद्या. लादीवर लाल रंगात देवीचं नाव. आणि वारूळ? वारूळ दिसतच नव्हतं. त्याच्यावरून वरपासून खालपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता, गुळगुळीत, हाताने घोटलेला, त्यावर शेंदरी रंग. सिमेंटच्या गोणी त्यांनी स्वतःच्या पाठीवरून वर आणल्या होत्या, त्या लंगड्या पायाने. गवंडीसुद्धा लावला नव्हता, सगळं आपल्या हातांनी. पुढच्या आठवड्यात पूजा होती.

“देवी पावसात वितळता,” ते म्हणाले. “माका बघवत नाय.”

मी चौथऱ्यावर चढले आणि त्या गिलाव्याला कान लावला. ऊन मी म्हणत होतं, सिमेंटने गाल भाजला. आतून आवाज येत होता. खरखर. थांबे, पुन्हा येई. नखांचा आवाज. पोरं अंड्यांतून बाहेर पडली होती, माती उकरत वर आली होती, आणि वर सिमेंट होतं. करायला गेले काय आणि झालं काय! जाळातून काढून मी त्यांना फुफाट्यात घातली होती.

मी भावजींना सांगितलं. सगळं सांगितलं. आत घोरपडीची पोरं आहेत, ती गुदमरतायत, फोडा हे. ते हसले, म्हणाले, देवी आत हालता. मग मी म्हटलं की स्वप्न नव्हतं, दृष्टान्त नव्हता, मी खोटं बोलले होते, तुम्ही पहार घालू नये म्हणून. त्यांना राग आला नाही, हेच मला सहन होईना.

“देवीनच तुका खोटा बोलूक लावल्यान,” ते म्हणाले.

मी घरी गेले. पहार मांगरात होती, तीच जुनी. उचलून खांद्यावर घेतली. सासू ओरडली की ओली बाळंतीण तू, कुठे चाललीस. हे ओट्यावर होते, शाळेला सुट्टी लागलेली. हे म्हणाले, तू गप राहा. मी ह्यांना जन्मात पहिल्यांदा मेल्या म्हटलं आणि पुढे झाले. माझ्या मागून वाडी निघाली.

पहिला घाव घातला तो निसटला, ठिणगी उडाली. दुसऱ्याला शेंदरी रंगाचा टवका गेला. तिसऱ्याला चीर पडली. भावजी खालून लंगडत धावत येताना मला दिसले, हातात चिव्याची काठी. बायका किंचाळत होत्या की देवी फोडली, देवी फोडली. कोणीतरी मारलेला दगड माझ्या पाठीत बसला. मी चौथा घाव घातला आणि काठी माझ्या मनगटावर आली. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर. ज्या माणसाने कधी माझ्या सावलीवर पाय ठेवला नव्हता त्याने मला मारलं होतं. पुन्हा काठी उचलली ती खांद्यावर बसली. मी पहार डाव्या हातात घेतली, तोंडाला येतील त्या शिव्या देत, त्यांच्या सात पिढ्या उद्धरत, तिच्यावर अंगाचा भार टाकून चिरेत घुसवली आणि लोंबकळले. गिलाव्याचा पाटाएवढा तुकडा सुटून खाली पडला.

तो उताणा पडला. आतली बाजू वर आली. सिमेंट ओलं असताना नव्हे, वाळल्यावर ओरखडे उठले होते, बारीक बारीक, सगळीकडून एकाच जागी आलेले. आणि त्याच्याखाली मातीत ती होती. काही वाळून गेलेली, नाकं वर करून. काही नुकती मेलेली, मऊ. एकमेकांच्या अंगावर चढलेली. शेपटीसकट वीतभर पोरं, अंगावर पिवळे ठिपके.

भावजींनी काठी टाकली. ते गुडघ्यांवर बसले आणि हातांनीच गिलावा उपटायला लागले. नखं फुटली, लाद्यांवर रक्त सांडलं, कोणी त्यांना धरायला गेलं तर त्याला ढकलून दिलं. मातीतून एकेक काढून पांढऱ्या लादीवर ठेवत गेले. मी मोडका हात पोटाशी धरून बसले होते. शिव्या संपल्या होत्या. ते तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, मला वाटलं देवीचं नाव, जवळून ऐकलं तर ते पोरांना म्हणत होते, ऊठ, ऊठ.

तळाशी एक हललं. भावजींनी ते उचललं. आणि त्यांच्या हाताला एकच धरणं ठाऊक होतं. अंगठा मानेमागे गेला, दुसऱ्या हाताची बोटं मागच्या पायांकडे गेली, तिथे जिथे शिरा ओढतात. पण त्यांनी ते माझ्याआधी बघितलं. आपल्याच बोटांकडे बघत ते तसेच थांबले. पिल्लू तोंड उघडून त्यांच्या अंगठ्याला चावत होतं. सगळी वाडी गप्प होती, आमचे हेसुद्धा, आणि ह्या खेपेला ते गप्प राहिलेलं मला चाललं.

“ह्येका कसा धरूचा गो?” भावजींनी मला विचारलं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस. आवाज फाटलेला.

“धरू नका,” मी म्हटलं. “नुसतो हात उघडो ठेवा.”

त्यांनी हात उघडला. पिल्लू तळव्यावरच्या रक्तात जरा वेळ बसून राहिलं, जीभ बाहेर काढली, आत घेतली. मग मनगटावरून उतरलं आणि पट्टा ओलांडून जळक्या सड्यावर गेलं. लपायला काडीचं गवत नव्हतं. ते काळ्या दगडावर दूरपर्यंत दिसत होतं, आणि ते दिसेनासं होईपर्यंत भावजी वर आभाळात घारींवर दगड मारत उभे होते.